कळकळीचे सातशे रुपये

दर्यापूरकडच्या एका खेड्यात शाळेची खिचडी शिजवणाऱ्या बाईंचे काम माझ्या दरपत्रकामुळे जाण्याच्या बेतात आले होते. त्या दिवसांत मला जशी भीती वाटली, तशी त्यापूर्वी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही वाटलेली नाही. तीस वर्षे मी इतरांची गाऱ्हाणी कागदावर उतरवली. स्वतःविषयी मात्र एक ओळ लिहिली नाही. तेव्हा हा प्रसंग तरी नीट क्रमाने नोंदवून ठेवावा, असा विचार केला आहे.

मी व्यवसायाने अर्जनवीस. अमरावतीत तहसीलीच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली माझे टेबल होते. शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीच्या परीक्षेस बसण्याचा योग आला नाही. तथापि पदवी घेतलेली माणसेही अर्ज माझ्याकडूनच लिहून घेत, कारण पदवीमुळे माणसाला वाचता येते, मागता येत नाही. मागणे ही स्वतंत्र विद्या आहे. कोणत्या अधिकाऱ्यास 'महोदय' लिहावे, कोणास 'मा. महोदय' लिहावे, दुःख कोणत्या परिच्छेदात आणावे आणि ते किती आणावे, हे मी माझ्या गुरूंच्या शेजारी बसून शिकलो. माझे अक्षर पाहून एका वयस्क नायब तहसीलदारांनी 'हे छापील आहे काय?' असे विचारल्याचे आवारातील जुन्या लोकांना अजून आठवते.

आमच्या व्यवसायात दर सांगण्याची रीत नव्हती. पक्षकार समोर बसला की आम्ही प्रथम त्याचे कागद पाहत असू. कोणी ते कातड्याच्या बॅगेतून काढी, कोणी खताच्या पिशवीतून, कोणी पदराच्या गाठीतून. त्यावरून दर आपोआप ठरे. मास्तराकडून शंभर घेतले तर रोजमजुरी करणाऱ्या म्हातारीकडून वीस. एकाच अर्जाचे दोन दर, आणि दोन्ही न्याय्य. निघताना पक्षकाराने "किती झाले?" विचारायचे, आम्ही "द्या समजून" म्हणायचे, आणि त्याने दिलेल्या रकमेकडे न पाहता ती खिशात टाकायची. न पाहता रक्कम ओळखणे हेही एक कौशल्यच होते.

पुढे अर्ज संगणकावर गेले. छापील नमुना आला आणि त्यातील रिकाम्या जागा भरल्या की काम होऊ लागले. बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या वर्षी आवारात भरपाईच्या अर्जांसाठी गर्दी पूर्वीपेक्षा मोठी होती, परंतु ती सारी ऑनलाइन केंद्राच्या खिडकीपुढे उभी असे. आमच्या शेडकडे लोक फक्त पेन मागायला येत. त्यातच शेड काढण्याची नोटीस लागली. आयुष्यभर नोटिसांना उत्तरे लिहिणाऱ्या मला त्या नोटिशीला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही.

माझी कन्या अकोल्यास दिलेली आहे. ती घरबसल्या फोनवरून लोकांच्या लग्नपत्रिका, दुकानांच्या जाहिराती असे काही बनवून विकत असे. तिने निरोप पाठवला की एक दिवस अकोल्यास या, तुमचे काम मी ऑनलाइन मांडते. मी गेलो. तिने चहा दिला आणि समोर फोन ठेवला. पडद्यावर कामे विकण्याच्या एका संकेतस्थळाचे पान होते आणि त्यात तीन रिकामे खाने, म्हणजे रकाने, होते.

"बाबा, हे तीनही खाने भराच लागते," ती म्हणाली. "एक सस्तं, एक मधलं, एक महाग. नाई त पान पुढं सरकतच नाई."

"अर्ज तो अर्ज. त्यात सस्ता-महाग काय असते?"

"सगळेच लावते, बाबा. हे पाहा. हे पोरगं पुन्याचं हाये. पहिल्या खान्यात एक दुरुस्ती फुकट, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात पाह्यजे तितक्या."

"माझ्या अर्जात दुरुस्ती निघत नाई."

"बरं, नाई निघत. मंग तुमच्या अर्जात कमी-जास्त काय होते, ते त सांगा!"

हा प्रश्न मला कोणीही कधी विचारला नव्हता. मनात भीती होती आणि ती दुहेरी होती. पहिली अशी, की येथे समोर माणूस नाही. त्याचे कागद, त्याची पिशवी, त्याचे पाय, काहीच दिसणार नाही, आणि तरीही दर आधी सांगायचा. दुसरी भीती लेखी दराची. तोंडी दर विसरता येतो, फिरवता येतो. लिहिलेला दर हा पुरावा असतो. आमच्या शेडमधले मुद्रांकविक्रेते चाचा मला निघतानाच म्हणाले होते, "अर्जनवीस साब, सब करो, मगर भाव लिखके मत दो. लिखा हुआ कागज पहले मालिक पे ही पलटता है." चाचांनी चाळीस वर्षे मुद्रांक विकले होते. त्यांचा शब्द मी हलका समजत नसे.

अखेर मी विचार केला की माझ्या विद्येत कमी-जास्त होणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे विनंती. विनंतीला पायऱ्या आहेत. साधी विनंती असते, नम्र विनंती असते आणि कळकळीची विनंती असते. त्यानुसार मी तीन प्रकार सांगितले आणि कन्येने ते टाइप केले. साधा अर्ज, दीडशे रुपये: एक पान, विषय, संदर्भ क्रमांक, मजकूर, जोडपत्रांची यादी, एक वेळ विनंती. नम्र अर्ज, साडेतीनशे रुपये: दोन वेळा विनंती आणि आदरार्थी समारोप. कळकळीचा अर्ज, सातशे रुपये: कौटुंबिक परिस्थितीचे सविस्तर वर्णन, तीन वेळा विनंती, आणि उपकारांची जाणीव ठेवण्याचे अभिवचन.

"बाबा," कन्या फोनवरून मान वर करून म्हणाली, "कळकळ इकता येते का?"

"तीस वर्षं तेच इकून राह्यलो, पोरी."

"पन मधला खाना रिकामा-रिकामा दिसते. साडेतीनशे देऊन मानसाले काय भेटलं, हे समजत नाई. त्यात काई त टाका."

मधला खाना खरोखरच रिकामा दिसत होता. मी पहिल्या प्रकारातून संदर्भ क्रमांक आणि जोडपत्रांची यादी काढून मधल्यात टाकली. जोडपत्रे म्हणजे अर्जासोबत लावायचे दाखले आणि पुरावे. मधला खाना लगेच भरला आणि भारदस्त दिसू लागला. आम्हां दोघांनाही समाधान वाटले.

दीडशे हा आकडाही भीतीतूनच आला होता. मला दोनशे मांडायचे होते. परंतु कोणी आलेच नाही तर, या विचाराने पन्नास कमी केले. त्यातून कन्येच्या टंकलेखनाचे काही, त्या संकेतस्थळाचा वाटा काही, आणि उरलेले माझे. सातशे कन्येच्या सांगण्यावरून ठेवले. ती म्हणाली की महाग खाना कोणी घेतो असे नाही, परंतु तो असला म्हणजे मधला स्वस्त वाटतो. ही युक्ती मला पटली नाही. परंतु जिच्या दुकानात आपण माल मांडतो, तिचे ऐकावे लागते.

व्यवस्था अशी ठरली की मी अमरावतीत हाताने लिहावे, फोटो काढून अकोल्यास पाठवावा, कन्येने टाइप करून ग्राहकास द्यावा. फोनला एक विशिष्ट आवाज लावून दिला होता. नवे काम वा निरोप आला की तो टुणकन वाजे. पहिला आठवडा तो वाजला नाही म्हणून मी घाबरलेला असे. पुढे तो वाजू लागला, तेव्हा प्रत्येक वेळी मी दचकत असे. आवारात पक्षकार लांबून चालत येताना दिसे. मनाची तयारी होई. हा फोनमधला माणूस एकदम कानात उभा राहत असे. पहिले काम तिवस्याच्या एका तरुणाचे आले, वीजजोडणीचे. ते सुखरूप पार पडले. त्याने पाच तारे दिले. तारे कमी झाले की आपले पान खाली जाते आणि कोणालाच दिसत नाही, असे कन्येने सांगितले होते. त्यामुळे ताऱ्यांचीही एक वेगळी भीती बसली.

त्यानंतर त्या बाईंचे काम आले. निरोपात मजकूर थोडा होता. शाळेत खिचडी शिजवते, गैरहजर राहिली म्हणून नोटीस आली आहे, आजारी होते असा खुलासा लिहून द्या. प्रकार: साधा. रक्कम जमा झाली होती. मी नेटके एक पान लिहिले. विषय, मजकूर, एक वेळ विनंती. दीडशे रुपयांत जे देईन म्हटले होते ते तंतोतंत दिले, आणि तो विषय माझ्या दृष्टीने संपला.

रविवारी सकाळी मी दाढी करत असताना फोन टुणकन वाजला. बाईंनी आवाजात निरोप पाठवला होता. मी साबण लावलेल्या तोंडाने तो ऐकला.

"नमस्कार काका. मी ते खिचडीवाली बाई बोलून राह्यली. मी तुमचा दीडशेचा घेतला. शनवारी दर्यापूरच्या हापिसात देऊन आली. पन मले झोपच नाई. तुमच्या पानावर लिवलं हाये, सातशेचा कळकळीचा हाये म्हनून. मंग साहेबाले असं त नाई वाटनार, का हिले गरजच नाई, म्हनून हिनं सस्तातला देल्ला? उद्या सोमवार शेवटचा दिवस हाये. उद्यानंतर काईच घेत नाई म्हने. काका, त्यात कळकळ टाकून द्या. साडेपाचशे मी थोडे-थोडे करून देतो. हे काम गेलं त मजुरीले जा लागन, अन् यंदा वावरात मजुरी कुठी हाये?"

मी तो निरोप पुन्हा ऐकला. प्रथम मला ताऱ्यांची आठवण झाली, हे नोंदवणे भाग आहे. त्यानंतर मात्र वेगळीच गोष्ट ध्यानात आली आणि हातातला वस्तरा मी खाली ठेवला. बाईंना कळकळीची चिंता होती. मला तशी चिंता वाटेना, कारण कळकळ वाचून कोणा अधिकाऱ्याने मत बदललेले मी पाहिलेले नाही. मला आठवला तो मधला खाना. बाईंच्या खुलाशावर नोटिशीचा क्रमांक नव्हता. तो कोणत्या नोटिशीचा खुलासा आहे, हे त्या कागदावरून कोणास कळणार नव्हते. आणि सोबत एकही पुरावा नव्हता. 'मी आजारी होते' हे वाक्य पुराव्याशिवाय कार्यालयात गेले की त्याची किंमत बाजारातील गप्पेइतकी राहते.

मी तत्काळ फोन लावला.

"बाई, तुमच्याजवळ दवाखान्याचा काही कागद आहे काय?"

"हाये ना काका. भरती होती मी. सुट्टी झाल्याचा कागद हाये. अन् हेडमास्तरनं सुट्टीच्या चिठ्ठीवर सही बी देल्ली हाये."

"मग ते अर्जाला का लावले नाहीत?"

"तुमी मांगतले नाई, मी देल्ले नाई. दीडशेत ते येत नाई, असं तुमच्या पानावर लिवलं हाये."

मी सर्व कागद पाठवायला सांगितले. त्यांनी नोटिशीसकट कागदांचे फोटो पाठवले. दवाखान्याच्या कागदावरील भरतीची तारीख घडीवर येऊन पुसट झाली होती आणि ती सहा आहे की आठ, हे फोटोत दिसेना. नोटिशीतील गैरहजेरीचा काळ त्या कागदात बसतो की नाही, हे त्या एका आकड्यावर अवलंबून होते. चुकीची तारीख लिहून पाठवली असती तर पुरावाच उलटला असता. दर्यापूरला स्वतः जाणे याखेरीज उपाय उरला नाही. "उद्या दहा वाजता एसटी स्टँडवर थांबा," असे मी सांगितले. त्यांना ते खरे वाटले नसावे, कारण त्यांनी विचारले, "तुमी खरंच असता का काका? मले वाटलं, ते फोनमधलंच काई हाये."

सोमवारी सकाळच्या गाडीने निघालो. वलगाव मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना काळी वावरे सुरू झाली. कपाशीची पऱ्हाटी उभी होती, परंतु बोंडे काळवंडून चिकटलेली, आणि वेचायला कोणी नव्हते. बसमधील दोघे जण त्याविषयी बोलत होते तेही मोठ्याने नाही. खिडकीशी बसून मी एकच हिशेब करत होतो. गाडी उशिरा पोहोचली तर, लिपिक रजेवर असला तर, 'एकदा दिला तो दिला' असे म्हणून पुरवणी कागद घेण्यास त्याने नकार दिला तर. दर वेळी हिशेब एकाच ठिकाणी थांबे. मी मांडलेल्या तीन खान्यांपैकी सर्वांत खालचा घेतला एवढाच त्या बाईंचा दोष होता, आणि तो खाना मीच पोकळ करून ठेवला होता. माझ्या टेबलासमोर त्या बसल्या असत्या तर कागदांची पिशवी मांडीवर असती, आणि वीस रुपयांच्या अर्जालाही मी ते कागद लावल्याशिवाय उठू दिले नसते.

स्टँडवर बाई मला ओळखू शकल्या नाहीत. मी त्यांना ओळखले, कारण कार्यालयात नेसण्याची एक वेगळी साडी असते. वय चाळिशीचे, चेहरा आजारातून उठल्यासारखा, हातात कापडदुकानाची प्लास्टिकची पिशवी छातीशी धरलेली.

"तुमीच का ते ऑनलाइनवाले काका?" त्या म्हणाल्या. "मले त वाटलं पोरगं-सोरगं असन कोनी. तुमी त आमच्या मामंजीएवढे हा."

"प्रथम कागद दाखवा."

तारीख सहा होती. गैरहजेरीचा सारा काळ दवाखान्याच्या कागदात बसत होता. चहाच्या टपरीपुढील बाकावर बसून मी पुरवणी खुलासा लिहायला घेतला. ज्या हाताच्या अक्षराला छापील समजले गेले, त्या हाताने पहिला कागद वाया घालवला. दुसऱ्यावर मी सरळ लिहिले. आपल्या या क्रमांकाच्या नोटिशीस अनुसरून, शनिवारी दिलेल्या खुलाशाच्या पुढे. अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत दवाखान्यात दाखल होते. मुख्याध्यापकांची सही असलेली रजेची चिठ्ठी आधीच दिली होती. सोबत कागद जोडले आहेत. तरी कामावरून कमी करू नये, ही विनंती. अर्ध्या पानात ते संपले. मी आयुष्यात लिहिलेला हा सर्वांत उघडाबोडका अर्ज होता.

बाई चौथी शिकलेल्या होत्या. त्यांनी बोट ठेवून तो पूर्ण वाचला आणि पुन्हा वर जाऊन वाचला.

"काका, यात त विनंती एकदाच हाये."

"एकदा पुरते."

"कळकळ कुठी हाये?"

"नाही घातली. गरज नाही."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. "मंग सातशेच्या मधी काय होतं?"

चहावाला आमच्याकडे पाहत होता. तीस वर्षांत पक्षकाराने विचारलेला एकही प्रश्न मी निरुत्तर सोडला नव्हता. "ते मागाहून सांगतो," मी म्हणालो. "आधी कार्यालय गाठू."

आवक विभागातील लिपिक तरुण होता. बाईंना पाहून तो म्हणाला, "तुमी शनवारी देल्लं ना बाई? आता आनखी काय?"

"पुरवणी आहे," मी मध्ये बोललो. "मुदतीत आहे."

त्याने माझ्याकडे पाहिले नाही. कागद हातात घेतला, वरचा मजकूर न वाचता थेट तळाशी गेला, जोडपत्रांची यादी वाचली, मागचे कागद एकेक उलटून तपासले आणि प्रत्येकावर पेन्सिलीने खूण केली. दवाखान्याच्या कागदावर तो थांबला. पुसट तारखेवर अंगठा फिरवला. बाईंनी माझ्या बाहीचे टोक पकडले होते, हे मला मागाहून समजले.

"सहा हाये का हे?"

"सहाच हाये साहेब," बाई म्हणाल्या. "त्याच्या खाली डॉक्टरच्या सहीपाशी पुन्ना लिवलं हाये. तिथी साफ दिसते."

मी ते पाहिले नव्हते. लिपिकाने खाली पाहिले, मान हलवली आणि शिक्का मारला. दुसऱ्या प्रतीवर पोच देताना तो बाईंना म्हणाला, "हे शनवारीच लावलं असतं त तुमची आजची चक्कर वाचली असती."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरचे कार्यालयीन वेळेचे पत्रक वाचू लागलो.

बाहेर आल्यावर त्यांनी पिशवीतून लहान पाकीट काढले. "किती झाले काका?"

"द्या समजून" हे शब्द तोंडावर आले होते. मी ते गिळले. "काही नाही. तुम्ही दीडशे दिले आहेत. हे काम त्या दीडशेतच व्हायला हवे होते."

मला वाटले, बाईंना बरे वाटेल. त्या उलट घाबरल्या. "फुकट नोका करू काका. फुकटाचा कागद टिकत नाई. उद्या तुमी म्हनान, माहे उपकार हाये तुयावर."

"असे मी म्हणणार नाही."

"सगळेच म्हनते, नाई म्हनन म्हनून. मले सरळ सांगा. तुमची गाडी, तुमचा दिवस. अन् साडेपाचशेचं मी बोलली होती."

तेथे उन्हात उभे राहून मला कळून चुकले की अंदाजावर सोडलेला दर आणि फुकट दिलेले काम, दोन्ही माणसाला सारखेच भिववतात. दोहोंतही आपण नेमके कशाचे देणे लागतो, हे त्याला कळत नाही. मी म्हणालो, "बाई, ऐका. अर्ज पूर्ण असणे हे दीडशेत आहे. त्याचे वेगळे पैसे नाहीत. मी येथवर आलो ते माझी चूक निस्तरण्यासाठी. त्याचेही तुमच्याकडे काही नाही. सुनावणीला बोलावतील, तेव्हा काय बोलायचे ते मी फोनवर समजावीन. ते काम वेगळे आहे. त्याचे शंभर रुपये. घ्यायचे की नाही, ते तुम्ही ठरवा."

त्यांनी विचार केला. "घेतो," म्हणाल्या, आणि शंभराची नोट दिली. मग चहाचे पैसेही त्यांनीच दिले. त्या बाबतीत त्यांनी माझे ऐकले नाही.

काही दिवसांनी सुनावणीचे बोलावणे आले. आदल्या संध्याकाळी मी त्यांना फोनवर सांगितले की रडायचे नाही, कोणाचे नाव घ्यायचे नाही, विचारतील तेवढेच सांगून कागदाकडे बोट दाखवायचे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोन वाजला नाही आणि मी तो चार वेळा उघडून पाहिला. शेवटी त्यांचा निरोप आला तेव्हा मागे पोरांचा कल्ला आणि ताटांचा आवाज येत होता. "काका, राह्यली मी कामावर. त्यांनी कागद पाह्यले अन् म्हने, जा बाई, उद्यापासून ये. मी म्हटलं, उद्यापासून काहून, आजच जातो, तांदूळ भिजत टाकला असन कोनी ना कोनी." नंतर त्या म्हणाल्या, "अन् ते सातशेचं सांगतो म्हने तुमी. ते राह्यलं."

त्या राहिलेल्या उत्तरासाठी मी पुन्हा अकोल्यास गेलो. कन्येला म्हटले, पान उघड, सर्व खाने पुसायचे आहेत. तिने विचारले, "तारे चांगले हायेत बाबा, काहून पुसता?" मी तिला सर्व हकीकत सांगितली. ती ऐकत असताना तिचाही चेहरा उतरला, कारण मधला खाना भरायला तिनेच सुचवले होते.

सातशेत काय होते याचे उत्तर मी तोवर ठरवले होते. कळकळीचा अधिकाऱ्यास उपयोग नाही हे खरे. परंतु ती निरुपयोगी आहे असे मी मानत नाही. आपले दुःख कोणी नीट शब्दांत मांडलेले ऐकले म्हणजे अर्जदाराची मान थोडी वर होते. पोळ्याच्या दिवशी बैलाला रंग देतात, त्याने नांगरट चांगली होते असे कोणी म्हणत नाही. परंतु ती अर्जदाराची वस्तू आहे. तिच्यावर दर लावून मी दुकानाच्या दारातच सांगत होतो की ज्याच्याजवळ सातशे नाहीत, त्याचे दुःख कमी आहे.

नवे खाने भरायला दुपार गेली. पहिल्या प्रकारात अर्ज टिकण्यास लागणारे सर्व घेतले: नोटिशीचा क्रमांक, पुरावे मागून घेणे, त्यांची यादी. कळकळ ज्याला हवी त्याला, कोणत्याही प्रकारात, वेगळा दर नाही. किंमत दोनशे केली. हे पन्नास वाढवताना मला मोठी भीती वाटली. गरीब माणूस परत जाईल असे वाटले. कन्या म्हणाली, "बाबा, दीडशेत तुमी कागद मांगत नव्हते. दोनशेत मांगून राह्यले. सस्तं कोनतं?" दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांत मी माझा वेळ ठेवला: जाडजूड प्रकरण वाचणे, सुनावणीची तयारी, तातडीचे काम. पुन्हा एकदा वाचून पाहिले. कोणताही खाना घेतला तरी अर्ज उभा राहील, अशी खात्री होईपर्यंत मी तिला बटण दाबू दिले नाही.

नंतर तिसऱ्या खान्याखाली मी एक ओळ घालायला सांगितली: पहिल्या प्रकारात काम होत असल्यास हा प्रकार घेऊ नये.

"बाबा! असं कोनता दुकानदार लिहिते?"

"लिही."

"मंग हा कोनी घेनारच नाई."

"ज्याला लागन तो घेईन."

तिने लिहिले. बटणावर बोट ठेवून ती माझ्याकडे पाहत राहिली. मी मान हलवली आणि तिने ते दाबले. दर आता लेखी होता, सर्वांसमोर होता, आणि तो फिरवता येणार नव्हता. मी कन्येकडे पाणी मागितले. ते पीत असतानाच मी दर्यापूरला फोन लावला, कारण त्या बाईंना उत्तर द्यायचे राहिले होते.